देवराई वाचवायला देव मानायलाच हवा का?

वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की निसर्ग जपायचा तो देवाधर्माच्या नावाने जपावा की विज्ञानाच्या आणि कायद्याच्या, आणि तुमच्या घरात, गावकीत यावरून काय चालतं ते मोकळेपणाने लिहा. लोकांनी खरंच मोकळेपणाने लिहिलंय. बऱ्याच पत्रांत घरातली भांडणं आणि गावचं राजकारण आहे म्हणून नावं दिलेली नाहीत, नुसती गावं दिलीयेत, आणि एकाच विषयावर चार पत्रं आली असतील तर त्यातलं एकच घेतलंय.

प्रश्न (संगमेश्वर तालुका, सध्या ठाणे) : ताई, आमच्या गावाला ग्रामदेवीची राई आहे, जुनी, दाट. आता मुंबईकर मंडळाने देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. आरसीसी सभामंडप, टाइल्स, आवारात पेव्हर ब्लॉक, आणि गाडी थेट देवळापर्यंत जाईल असा रस्ता. त्यात बरीच मोठी झाडं जाणार. मी देव मानत नाही हे गावात सगळ्यांना माहितीय, त्यामुळे मी तोंड उघडलं की "तुला देवीचं काय पडलंय" असं ऐकवतात. मी गप्प बसावं का? एक मित्र म्हणतो की झाडं तोडली तर देवीचा कोप होईल अशी आवई उठव, काम आपोआप थांबेल. करू का तसं?

उत्तर : गप्प बसू नका. आणि आवई पण उठवू नका.

आधी तुमचा हक्क. राईतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही हा नियम तुम्ही लहानपणापासून पाळलाच असणार, कोकणातलं पोर तो चालायला लागल्यापासून पाळतं, कोणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे देवीवर तुमचा विश्वास असो नसो, राई राखण्यात तुमचा वाटा आहे आणि तो गावकीत बोलून दाखवायला काहीच हरकत नाही. सरळ सांगा, की मी देवीला नवस बोलत नाही, पण ही राई मला तुमच्याइतकीच हवीय. एवढं खरं बोललात की पुढचं बोलणं सोपं जातं, कारण तुम्ही नास्तिक आहात हे लोकांना आधीच माहितीय, त्यांना फक्त एवढंच बघायचं असतं की हा आपल्याला हिणवायला आलाय का.

आणि देव न मानता देवरायांत रमणारे तुम्ही काही पहिले नाही. इतिहासकार दा. ध. कोसंबी पक्के मार्क्सवादी, पण मावळातल्या ग्रामदेवता, म्हसोबा, वेताळ त्यांनी पायी हिंडून पाहिले. पुढे १९७० च्या दशकात पुण्याच्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेतले डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घालत फिरले आणि १९७६ मध्ये त्यावर निबंध लिहिला, जो आजही या विषयात पहिल्यांदा वाचला जातो. आजूबाजूचं जंगल तुटून गेलं तरी देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यात जुनी झाडं, वेली शिल्लक होत्या. शास्त्रज्ञ तिथे गेले ते झाडांसाठी, गुरव आणि गावकऱ्यांनी त्यांना आत नेलं ते देवीच्या नावाने. कामं दोघांची झाली.

आता राईत नक्की काय जातं ते नीट बघा, कारण गावकीत हेच सांगावं लागणार आहे. एप्रिल महिन्यात जा. बाहेर जांभा तापलेला, कातळावर पाय ठरत नाही, आणि राईत चार पावलं आत गेलं की पायाखाली पाल्याचा जाड थर, वरचा सुका, खालचा ओलसर, हाताने जरा उकरला की काळी माती, पांढरी बुरशी आणि किड्यांची पळापळ. डोक्यावर गारंबीचा वेल मांडीएवढा जाड होऊन या झाडावरून त्या झाडावर गेलेला आणि त्याच्या हातभर लांब शेंगा लोंबत असतात. हा पाला आहे म्हणून पावसाचं पाणी धाडकन वाहून जात नाही, मुरतं, आणि बऱ्याच गावांत राईतूनच पऱ्या (ओढा) निघतो किंवा देवीची विहीर असते जी शिमग्यानंतरही टिकते. पेव्हर ब्लॉक टाकले की पहिली गोष्ट काय होते, तर रोजची झाडलोट सुरू होते. आवार स्वच्छ दिसायला पाहिजे म्हणून पाला गोळा करून जाळतात. मग बी पडलं तरी रुजत नाही, नवीन रोप उगवत नाही, आणि समजा एकही झाड तोडलं नाही तरी तीस-चाळीस वर्षांत म्हातारी झाडं पडत जाऊन राई संपते, कारण त्यांच्या जागेवर यायला कोणी नसतं. हे मंडळाच्या लोकांच्या डोक्यात नसतं हो, ते बिचारे प्रेमानेच पैसे गोळा करतात, गावासाठी काहीतरी चांगलं करायचंय याच भावनेने. त्यांना शत्रू समजून गेलात तर हरलात.

त्यांच्यापुढे पर्याय ठेवा. सभामंडप हवाय तर राईच्या बाहेर, रस्त्यालगत बांधा, तिथे जत्रेच्या जेवणावळीही सोयीच्या होतील. देऊळ दुरुस्त करायचंय तर आहे त्याच जोत्यावर, चिऱ्याने आणि लाकडाने करा. गाडी बाहेर थांबू दे, म्हाताऱ्या माणसांना नेण्यासाठी पायवाट सपाट करा, पण माती उघडी ठेवा. बैठकीआधी गुरवाला आणि मानकऱ्यांना घरी जाऊन भेटा, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पण, कारण देवीला कुठली गोष्ट चालते आणि कुठली नाही हे खरं त्यांनाच माहीत असतं. कित्येक गावांत देवीला डोक्यावर छप्परच चालत नाही, मग तिथे आरसीसी स्लॅबचा विषय कसा निघाला, हा प्रश्न तुमच्यापेक्षा त्यांनी विचारलेला बरा.

कागद पण बघा. जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर काढा, देवरायांच्या बाबतीत कधी महसूल, कधी वनखातं, कधी देवस्थान, कधी खाजगी असं काहीही निघतं आणि त्यावर परवानगी कोण देणार ते ठरतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोकनोंदवही करायची असते, त्यात राईतली झाडं, पक्षी, पाणी सगळं लिहून घ्या. नोंद नसली की पुढे "इथे काही नव्हतंच" असं म्हणायला वाव राहतो.

पैशांचा मुद्दा निघणारच. तुमच्याच तालुक्यात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था देवरायांवर कित्येक वर्षं काम करतेय. भीमाशंकरकडे त्यांनी आदिवासी गावकऱ्यांबरोबर हिरडा-बेहडा नियमाने गोळा करून फेअरवाइल्ड प्रमाणपत्राने, म्हणजे रानातला माल झाडाला धक्का न लावता आणि रास्त व्यवहाराने गोळा केलाय अशा शिक्क्याने, विकायची घडी बसवलीय. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, म्हणून झाड उभं राहिलं पाहिजे, आणि फळं त्रिफळ्याला लागतात म्हणून उभ्या झाडाला दाम मिळतो. अशांना गावात बोलवा.

आता आवईचं. एक तर ते खोटं आहे, तुम्हाला माहितीय की खोटं आहे, आणि आपल्याच माणसांना खोटं सांगून झाड वाचवणं हा त्यांचा अपमान आहे. दुसरं म्हणजे ते टिकत नाही. तुम्ही कोपाची भीती घातलीत, उद्या मंडळवाले कौल लावतील आणि कौल उजवा मिळाला की तुमच्या हातात काहीच उरणार नाही. ज्यांची कौलावर श्रद्धा आहे त्यांनी तो लावावा, तुम्ही शेजारी उभे राहा, पण तुम्ही स्वतः देवीच्या तोंडून बोलू नका. तुमच्याकडे पाण्याचं, पाल्याचं, झाडांचं बोलणं आहे आणि ते पुरेसं दमदार आहे.

प्रश्न (पुणे) : मी बायोलॉजीची विद्यार्थिनी आहे. आजी म्हणते पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो म्हणून ऋषीमुनींनी तो पूज्य ठरवला. आमच्या फॅमिली ग्रुपवर पण हे दर महिन्याला फिरतं. मी चूक सांगितली की आजी म्हणते, शिकलीस म्हणून सगळं खोटं का? तिला दुखवायचं नाहीये पण खोटं पण चालवायचं नाहीये.

उत्तर : ऑक्सिजन सोडायला उजेड लागतो, रात्री पिंपळही बाकीच्या झाडांसारखाच श्वास घेतो, तेव्हा तुमचं बरोबर आहे. पण मला या मेसेजची खरी अडचण वेगळीच वाटते. ऑक्सिजन हा वायू माणसाला कळला १७७० च्या दशकात. पिंपळाला लोक त्याच्या हजारो वर्षं आधीपासून हात जोडतायत. म्हणजे आजीच्या आजीला ऑक्सिजनची गरजच नव्हती, तिला ते झाड पुरेसं होतं. आज आपण तिच्या भक्तीला विज्ञानाचं सर्टिफिकेट चिकटवायला जातो आणि त्यात भक्ती पण उणी पडते आणि विज्ञान पण. मला हे मनापासून वाईट वाटतं, कारण श्रद्धाळू माणसाला असं वाटायला लागलंय की लॅबचा शिक्का असल्याशिवाय आपल्या नमस्काराला किंमत नाही.

आजीशी वाद घालू नका, तिच्याबरोबर पारावर जाऊन बसा. पिंपळ पिकला असेल तेव्हा जा, सकाळी. तांबट, कोकीळ, मैना, हळद्या, हरियल, आणि रात्री वटवाघळं, सगळे त्या एका झाडावर येतात. वड, पिंपळ, उंबर या झाडांचं फूल बाहेर दिसत नाही, ते त्या फळासारख्या गोळ्याच्या आत असतं, आणि आत शिरते ती एवढीशी गांधीलमाशीची जात, पिंपळाची वेगळी, वडाची वेगळी. ती माशी थोडेच दिवस जगते, तिला वर्षभर कुठे ना कुठे तयार झाड लागतं, म्हणून ही झाडं सगळी एकदम फळत नाहीत, आज हे, पुढच्या महिन्यात ते. त्यामुळे रानात दुसरं काही खायला नसतं तेव्हाही एखादा उंबर नाहीतर पिंपळ पिकलेला सापडतो आणि कितीतरी जीव त्यावर निभावतात. हे तुमच्या पुस्तकात आहे, आजीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिला विचारा तिच्या गावच्या पिंपळावर कोण कोण यायचं. आणि ग्रुपवर तो मेसेज आला की भांडण्याऐवजी हे टाका.

वटपौर्णिमेला फांद्या तोडून घरी पूजा करण्याबद्दल पण दोघींनी विचारलंय. झाडापाशी जाता येत नसेल तर कुंडीतल्या रोपाची किंवा चित्राची पूजा करा, फांदी विकत आणू नका. एवढंच.

प्रश्न (वसई) : आमच्या चर्चमध्ये पर्यावरणावर प्रवचन झालं तर काही लोक म्हणाले की फादरनी आत्म्याचं बोलावं, झाडाचं आणि पाण्याचं राजकारण करू नये. दुसरीकडे माझा कॉलेजमधला मित्र म्हणतो की पृथ्वीचा मालक माणूस आहे हे बायबलनेच शिकवलं आणि त्यातूनच सगळी वाट लागली. मी मध्ये अडकलोय.

उत्तर : तुमच्या मित्राचा आरोप नवीन नाही. १९६७ मध्ये लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात हेच मांडलं होतं आणि त्यावर फार मोठं वादळ झालं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला सगळ्या जीवांवर सत्ता दिलीय, त्या विचारातून पश्चिमेने निसर्ग ओरबाडला, असं त्याचं म्हणणं. पण तो लेख लोक अर्धाच सांगतात. शेवटी व्हाइटने असं सुचवलं की याच परंपरेत असिसीचे संत फ्रान्सिस पण होऊन गेले, ज्यांनी सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटलं, तर पर्यावरणवाल्यांनी त्यांनाच आपला संत मानावं. आणि पुढे बघा काय झालं. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी खरोखरच संत फ्रान्सिसना पर्यावरणाचे आश्रयदाते संत जाहीर केलं. १९८६ मध्ये त्याच असिसी गावात डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंस्थेने, म्हणजे धर्माशी संबंध नसलेल्या संस्थेने, पाच धर्मांच्या लोकांना बोलावलं, बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम, ज्यू, आणि प्रत्येकाने आपापल्या शब्दांत निसर्गाबद्दल जाहीरनामा दिला, एकच मसुदा सगळ्यांच्या गळ्यात घातला नाही. मग २०१३ मध्ये एका पोपनी फ्रान्सिस हे नाव घेतलं आणि २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं, ज्यात हवामानबदलाचं विज्ञान सरळ मान्य करून सुरुवात केलीय आणि जे फक्त कॅथलिकांना नाही तर पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला उद्देशून आहे. एका टीकाकाराचा लेख, त्यातली सूचना आणि चर्चने ती उचलणं, हे मला फार मोलाचं वाटतं. मित्राला सांगा की तुझं म्हणणं चर्चने ऐकलं, आता तू पण चर्चचं ऐक. उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला, हे पण त्याला वाचून दाखवा.

आणि जे म्हणतात फादरनी झाडाचं बोलू नये, त्यांना तुमच्याच गावचा इतिहास आठवून द्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला व्हायला लागला तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. केळी, फुलं, भाजीची वाडी करणारी माणसं रस्त्यावर आली होती. प्रश्न पाण्याचा होता, एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, गोड्या पाण्याचा साठा मोजकाच, तो उपसला की विहिरी खाऱ्या होणार. पाणी खारं झालं तर ते चर्चला जाणाऱ्याचंही होतं आणि देवळात जाणाऱ्याचंही, आणि कुठेच न जाणाऱ्याचंही. तुमच्या आळीतलं बावखल (गोड्या पाण्याचं जुनं तळं) अजून शिल्लक असेल तर बघा त्यात कचरा तर टाकत नाहीत ना. गाळ काढायचं काम पॅरिशच्या तरुणांनी आणि शेजारच्या मित्रमंडळाने मिळून करण्यासारखं आहे, आणि त्याला कोणी राजकारण म्हणणार नाही.

प्रश्न (सातारा) : तुमचं मासिक धर्माला फार श्रेय देतंय असं वाटतं. मी विवेकवादी चळवळीत काम केलंय. नदीत निर्माल्य कोण टाकतं, डीजे कोण लावतं, फटाके कोण उडवतं? देवराया ठीक आहेत, पण त्याच देवरायांत कोणाला प्रवेश नव्हता हे पण लिहा. धर्माच्या कुबड्या घेतल्याशिवाय माणूस झाड लावू शकत नाही का?

उत्तर : लावू शकतो, लावतोच. आणि तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे, ते लिहायलाच हवं. कित्येक ठिकाणी बायकांना ठराविक दिवसांत, दलितांना कायमच, राईच्या आत मज्जाव होता आणि काही ठिकाणी अजून आहे. अशा वेळी झाडं वाचतायत ना मग जाऊ दे, असं म्हणून आपण मान फिरवली तर ते चुकीचं होईल. राई सगळ्या गावाची म्हणायची तर सगळ्या गावाला तिथे उभं राहता आलं पाहिजे. हे श्रद्धाळूंनी म्हटलं तर जास्त परिणाम होतो, म्हणून त्यांच्याकडे हा आग्रह धरा, सोडू नका.

पण कुबड्या हा शब्द मला पटत नाही. तुमच्याच चळवळीचं उदाहरण देते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसने 'विसर्जित गणपती दान करा' आणि 'होळी लहान करा, पोळी दान करा' या मोहिमा चालवल्या. त्यात कोणालाही गणपती बसवू नका, होळी पेटवू नका असं म्हटलेलं नव्हतं. कार्यकर्ते नदीकाठी उभे राहून आरती झालेली मूर्ती हात जोडून देणाऱ्या माणसाकडून घेत होते. देणारा देव मानतो, घेणारा मानत नाही, आणि दोघांनाही नदी घाण व्हायला नको आहे. याला मी कुबडी म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन माणसांमध्ये एक गोष्ट खरोखर सारखी आहे. मला घेता येतंय म्हणून मी सगळं घेणार नाही, हे दोघंही मानतात. एक म्हणतो कारण हे माझं नाही, देवाचं आहे. दुसरा म्हणतो कारण हे माझ्या एकट्याचं नाही, अजून जन्मायची आहेत त्या मुलांचं आहे, आणि पाखरा-किड्यांचं पण आहे. कारणं वेगळी आहेत आणि ती वेगळी राहू देत, दोन्हींची खिचडी करायची काही गरज नाही. दोघांच्या समोर जो उभा आहे तो तिसराच, ज्याला डोंगर म्हणजे फक्त ब्रास आणि टन दिसतात.

ओडिशातल्या नियमगिरीचं बघा. डोंगरात बॉक्साइट, खाणीचा प्रस्ताव, आणि डोंगरिया कोंध लोकांचा देव नियमराजा त्याच डोंगरावर. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खाणीमुळे त्यांच्या धार्मिक हक्कांना बाधा येते का हे ग्रामसभांनी तपासावं. कशाच्या आधारावर, तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या, जो संसदेने केलेला, कुठल्याही पोथीत नसलेला कायदा आहे. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं. त्या लढ्यात देव मानणारे होते, वकील होते, डावे कार्यकर्ते होते, वनस्पतींचे अभ्यासक होते. नुसती श्रद्धा असती तर कंपनीने ती तुडवली असती. आणि कायदा पुस्तकात असता पण बोलायला नियमराजावर जीव टाकणारी माणसं नसती, तर ग्रामसभांचे ठराव कोणत्या बाजूने गेले असते ते तुम्हाला चळवळीत राहून चांगलंच माहीत असेल.

निर्माल्य, डीजे, फटाके यांवर तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथे आमचं मासिक धर्माची बाजू घेणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : घरचा गणपती. वडिलांचं म्हणणं विसर्जन वाहत्या पाण्यातच, पंचगंगेत, नाहीतर ते विसर्जनच नव्हे. मुलगी म्हणते बादलीत करायचं. दरवर्षी ऐन अनंत चतुर्दशीला घरात रडारड. मूर्ती पीओपीची असते, स्वस्त आणि देखणी मिळते म्हणून.

उत्तर : रडारड चतुर्दशीला होते पण निर्णय श्रावणातच करायचा असतो, मूर्ती बुक करताना. मातीची आणि लहान मूर्ती आणा, अर्धं भांडण तिथेच मिटतं. मूर्ती माती-शाडूची असली तरी लहानच घ्या, कारण शाडू पण कुठून तरी खणूनच आणावी लागते आणि ती पाण्यात गेली की गाळ होतोच.

वडिलांसाठी त्यांच्याच बाजूने एक गोष्ट सांगते. पार्थिव गणपतीत प्राणप्रतिष्ठा करतात, उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून हलवली की देवपण काढून घेतलं असंच आपण मानतो. म्हणजे पूजेतला निरोप घरातच झालेला असतो. पुढे उरते ती माती, आणि माती पाण्याला द्यायची, ते पाणी घरच्या घंगाळातलं असलं तरी त्यात कमीपणा काही नाही. त्यांना पटत नसेल तर घरच्या गुरुजींना विचारू दे, मुलीने सांगितल्यापेक्षा ते जास्त ऐकतील.

मुलीसाठी तिच्या बाजूने. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम, पाण्यात ते विरघळत नाही, नदीत महिनोन् महिने तसंच राहतं आणि वरचा रंग पाण्यात उतरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांमध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई आहे आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२६ पर्यंतच्या सणांसाठी सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितल्या होत्या, म्हणजे घरगुती पीओपी मूर्ती नदीत नेण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. यंदा चुकून पीओपीचीच आली तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत आहे. बादलीत पाणी, त्यात अमोनियम बायकार्बोनेट, तोच बेकरीत वापरतात तो, आणि मूर्ती त्यात बुडवून ठेवायची. अधूनमधून ढवळायचं, दोन दिवसांत मूर्ती विरते, खाली खडूसारखा पांढरा साका (कॅल्शियम कार्बोनेट) बसतो आणि वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, खतच, भरपूर साधं पाणी मिसळून झाडांना घालता येतं. अमोनियाचा वास येतो म्हणून बादली गॅलरीत किंवा अंगणात ठेवा, बंद बाथरूममध्ये नको. तेल-रंगाचे पापुद्रे वर तरंगतील ते आधी गाळून काढा, ते कुंडीत जाता कामा नयेत.

आणि आजोबा-नात दोघांनी मिळून ढवळावं असं मी सुचवेन. मोदक दोघांनाही आवडत असणारच.

प्रश्न (महाड) : आमच्या मशिदीत वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचं, पाणी खूप जातं, नळ सुटे राहतात. मी बोललो तर म्हणतात इबादतीच्या पाण्याचा हिशोब करू नये. दीनमध्ये याला काही आधार आहे का, आणि प्रॅक्टिकल काय करता येईल?

उत्तर : आधार आहे आणि तो तुमच्या इमामसाहेबांना माहीतच असेल, त्यांनाच जुम्याच्या बयानात सांगायला विनंती करा. वाहत्या नदीकाठी वुजू करत असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) सांगितली जाते, आणि हातात रोप असताना कयामत आली तरी ते लावून टाका, ही तर सगळ्यांच्या तोंडी असते. २०१५ मध्ये इस्तंबूलला जमलेल्या मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलावर जाहीरनामाही काढलाय, तो कमिटीत वाचायला ठेवा.

प्रॅक्टिकल म्हणाल तर वुजूचं पाणी फार सोपं असतं, कारण त्यात साबण नसतो. गटाराला जाणारा पाइप वळवून एका टाकीत घ्या, तोंडाशी जाळी आणि थोडी वाळू-खडी, आणि ते पाणी संडासच्या फ्लशला नाहीतर आवारातल्या नारळांना सोडा. दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, वास येतो आणि डास होतात, टाकीला झाकण हवंच. नळ बदलायचे असतील तर दाबून सोडायचे, आपोआप बंद होणारे मिळतात, ते एकदम सगळे न बदलता आधी दोन-तीन लावून बघा, म्हाताऱ्या माणसांना ते दाबायला जड जातात का ते विचारा आणि मग बाकीचे घ्या. खर्चाचं कमिटीपुढे मांडताना मे महिन्यात टँकरला काय लागतं तो आकडा सोबत ठेवा.